जीव घाबरते

नूपुर, माझी सून, माझ्या ताटातल्या वरणावर तूप घालत होती आणि घालता घालता म्हणाली, "बाबा, मला वाटतं आपण रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरांनाच आपले फॅमिली डॉक्टर करून टाकावं. ऐकून घेतात ते नीट. आणि आईंची सगळी माहिती आहेच त्यांच्याकडे." माझा घास हातातच राहिला, असं काही झालं नाही. मी तो खाल्ला. वरण गरम होतं, तूप घरचं होतं, भातही मऊ होता. माझे दात खालच्या बाजूला उरलेले नाहीत म्हणून नूपुर माझा भात वेगळा, थोडा जास्त पाणी घालून शिजवते. हे तिला कोणी सांगितलेलं नाही. ती पुण्याची आहे, तिच्या माहेरी सगळ्या गोष्टी समजून करतात. उन्मेष, म्हणजे माझा मुलगा, मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, "हो यार, आता एक पक्का माणूस पाहिजेच. खुशीच्या तापात आपण तीन ठिकाणी गेलो, तिन्ही जागी पहिल्यापासून सांगा. हिचं थायरॉइड, माझी ॲसिडिटी, बाबाचं बीपी, सगळ्यांना चालेल असा एकच पाहून टाकू." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुमच्याजवळ टाइम आहे. तुम्हीच पाहा नं." खुशी सहा वर्षांची आहे. ती म्हणाली, "आबा, सुई देणारा नको पाहा." सगळे हसले. मी पण हसलो. मी म्हटलं, "एकच काहून पाहायचा? कपडा घेताना चार दुकानं पाहता. दोन-तीन पाहू." नूपुर म्हणाली, "चालेल. मी येईन तुमच्याबरोबर. तुम्हाला डॉक्टरांना नीट सांगता येत नाही, बाबा. तुम्ही एक वाक्य बोलता आणि गप्प बसता." हे खरं होतं. मी वीज मंडळात लाइनमन होतो. खांबावर चढलेल्या माणसाला एका वाक्यापेक्षा जास्त बोलायची सवय नसते. त्या जेवणात मी एक वाक्य ठरवलं.

ते वाक्य माझं नव्हतं, शामलाचं होतं. शामला माझी बायको. ती जाऊन एक वर्ष झालं. जायच्या आधी ती काही दिवस एकच गोष्ट म्हणत होती. भांडी घासताना म्हणायची, पायरीवर बसून म्हणायची, "माया जीव घाबरून राहिला." माया म्हणजे माझा. आमच्याकडे नागपुरात सगळे असं म्हणतात. उन्हातून आलं की जीव घाबरते, बसमध्ये मळमळलं की जीव घाबरते, छातीत भरून आलं, दरदरून घाम फुटला, पायातली ताकद गेली की जीव घाबरते. त्यात भीतीचा काही संबंध नसतो. भीतीला आमच्याकडे भेव म्हणतात. भेव लागते ते वेगळं. आमचा जुना डॉक्टर असता तर त्याने तिला आडवी निजवून छाती पाहिली असती, पण तो दवाखाना बंद करून लेकाकडे बंगलोरला गेला होता. मी तिला म्हटलं, दवाखान्यात चल, तर ती म्हणाली, तुमच्यासोबत नाही जात, तुम्ही तिथं खांबासारखे उभे राहता. मग नूपुरने सुट्टी टाकली आणि स्कूटरवर बसवून तिला रामदासपेठेत नेलं. तिथला डॉक्टर तरुण, चांगला शिकलेला, बाहेरून आलेला. घरी आल्यावर नूपुर ओट्याशी चहा टाकत मला सांगत होती, "इतके छान बोलले डॉक्टर! आईंना धड सांगता येईना, मग मीच समजावून सांगितलं. म्हटलं, हल्ली त्या फार घाबरतात, त्यांना सारखी भीती वाटते. ते म्हणाले, या वयात होतं असं. मनाचं आहे. गोळी दिलीय, शांत झोप लागेल." शामला सोप्यावर बसून पदराने मान पुसत होती. ती म्हणाली, "मायाशी कुठं बोलला तो, हिच्याशीच बोलला." एवढंच म्हणाली. मी तेव्हा नूपुरचं बोलणं ऐकलं की नाही ते मला नीट आठवत नाही, चहा गाळायचा आवाज मात्र आठवतो. गोळीने शामलाला झोप लागायला लागली. दुपारीपण झोपायची. मी बुधवारच्या बाजारातून वांगी घेऊन आलो तेव्हा ती कुशीवर झोपलेली होती आणि तशीच राहिली. लोक म्हणाले, झोपेत गेली, नशीबवान बाई.

तेरवीला कुहीहून तिची मोठी बहीण यमुताई आली होती. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या, मी दाराशी. नूपुर रडत रडत सांगत होती, "शेवटी शेवटी आईंना फार भीती वाटायची हो. मी रात्री पॅसेजमधला लाइट त्यांच्यासाठी चालू ठेवायचे." यमुताईने तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, "शामलाले? भेव? बाप्पा, काय बोलते ही पोरगी! गोठ्यात साप निघाला तर बुडे-तरणे सारे पळत, ते काठी घेऊन उभी राहे." मग दुसरी कोणी काही बोलली आणि विषय गेला. नूपुरला यातलं काही कळलं नाही. मला कळलं. मी दाराशी बसल्या बसल्या मागे गेलो, तो चहा, ते समजावून सांगितलं, ती गोळी, तो लाइट. शामला रोज रात्री कुरकुर करायची, "हा लाइट कायले चालू ठेवते ही? डोळ्यावर येते." उलगडा कसा होतो हे मला खांबावरून माहीत आहे. सगळी लाइन तपासत जावं आणि एका जागी जोड सैल सापडावा. जोड एका शब्दात होता. त्या डॉक्टरने हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली असती तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. काढली नाही, एवढं माहीत आहे.

हे मी कोणाला सांगितलं नाही. उन्मेषला नाही, यमुताईला नाही. चांगुलपणा म्हणून नाही. नूपुर वाईट असती तर मी तेरवीच्या पंगतीतच सांगितलं असतं. पण ती माझा भात वेगळा शिजवत होती. माझ्या चष्म्याची काडी तुटली तर मला न विचारता दुरुस्त करून आणत होती. शामलाच्या फोटोला ती रोज फूल घालते, मी घालत नाही. अशा माणसावर हात कसा उगारायचा ते समजत नव्हतं. आणि दुसरंही होतं. शामलाच्या साड्या वाटून झाल्या, तिचं कपाट उन्मेषच्या कपड्यांनी भरलं, तिच्या अंगाचा वास उशीतून गेला. ही एक गोष्ट तेवढी माझ्याजवळ ताजी राहिली. मी ती दुपारी काढून पाहायचो. नूपुर खुशीला शाळेतून आणायला गेली की मी सोप्यावर बसून नूपुरला ती सांगायचो. मनात. कधी सरळ सांगायचो, कधी आडून. कधी ती माझ्या पाया पडायची, कधी मी तिला उठवायचो, कधी नाही उठवायचो. मग ती दारातून आत यायची, हातात खुशीची बाटली, कपाळावर घाम, आणि विचारायची, "बाबा, चहा टाकू?" मी म्हणायचो, टाक. वर्षभर असं चाललं. रात्री ती पॅसेजमधला लाइट अजून चालू ठेवते. आता माझ्यासाठी. झोपायच्या आधी दारात उभी राहून विचारते, "बाबा, एकटं वाटत नाही ना? भीती नाही ना वाटत?" त्या उजेडात मी भिंतीकडे तोंड करून पडतो.

आणि आता ती म्हणत होती, त्याच डॉक्टरला घरचा करू. म्हणजे खुशीचा ताप, उन्मेषचं पोट, माझं मरण, सगळं त्याच खुर्चीवर. तिच्या जिभेवरून त्याच्या कागदावर. मला तिला थांबवायचं होतं. थांबवायला सांगावं लागणार होतं. सांगितलं की नूपुर उरणार नव्हती, म्हणजे ही भात शिजवणारी, फूल घालणारी. न सांगता थांबवता आलं असतं, म्हटलं असतं, लांब पडते, महाग आहे, काहीही. तेही मला नको होतं. मला तिचं तोंड पाहायचं होतं.

आधी रामदासपेठेतच गेलो. मीच म्हटलं, आधी तिथं जाऊ. थंड हवेची मशीन चालू होती, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. काउंटरवरच्या मुलीने नूपुरला ओळखलं, "मॅडम, आजी कशा आहेत?" नूपुरने हळूच सांगितलं. मुलगी सॉरी म्हणाली आणि फोन आला तर तो घेतला. मी खुर्चीवर बसून शामला यातल्या कोणत्या खुर्चीवर बसली असेल ते पाहत होतो. ती कोपऱ्यातली घेत नसे, भिंतीची ओल लागते म्हणायची. इथे भिंतीला ओल नव्हती. नोकरीत आम्हाला एक सवय होती. लाइन बंद केली असं खालून ओरडून सांगितलं तरी तारेला आधी हाताची उलटी बाजू लावायची. सुलटा हात लावला आणि तार जिवंत असली तर मूठ मिटते आणि तारच धरून बसते, उलटा असला तर हात फेकला जातो. साहेब लोकांना हे पटत नसे. ते म्हणत, टेस्टर कशाला दिला आहे? टेस्टरवर माझा विश्वास होता, पण खालून ओरडणाऱ्यावर नव्हता. शामलाही खुशीचा ताप उलट्या हाताने पाहायची. आमच्या दोघांचं एवढंच सारखं होतं.

आत गेल्यावर नूपुर सुरू झाली, "डॉक्टर, हे माझे सासरे, यांना..." मी म्हटलं, "मी सांगतो." डॉक्टर हसला. चेहरा खरंच चांगला होता त्याचा. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माया जीव घाबरून राहिला." त्याने नूपुरकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. अगदी ताबडतोब, जसं टीव्हीचा आवाज आला की माणूस रिमोटकडे पाहतो. नूपुर म्हणाली, "आई गेल्यापासून त्यांना एकटेपणाची भीती वाटते. बोलत नाहीत, पण मला कळतं." तो म्हणाला, "साहजिक आहे. काका, घाबरायचं नाही. आम्ही आहोत ना?" त्याने बीपी घेतलं, नाडीवर बोटं ठेवली. बोटं गार आणि स्वच्छ होती. शामलाच्या मनगटावरही हीच बोटं. मला बरं वाटत होतं. मी त्याला अजून संधी दिली, म्हटलं, "घाम येते. भरून येते." तो म्हणाला, "हो, हो, होतं असं." आणि लिहायला लागला. औषधाच्या दुकानात गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन नूपुर म्हणाली, "हीच गोळी आईंना लागू पडली होती, बाबा." मी म्हटलं, "अस्सं?" ती म्हणाली, "हो. शेवटचे दिवस तरी शांत झोपल्या." तिचे डोळे भरून आले. भर रस्त्यात तिने ओढणीने डोळे पुसले आणि मला हात धरून रस्ता ओलांडून दिला. मी तिच्या हातात हात दिला. गोळी मी घेतली नाही.

दुसरा सक्करदऱ्याचा. हा जुना, तोंडात सुपारी, समोर बाकावर वीस माणसं. मी वाक्य पूर्ण करायच्या आत तो म्हणाला, "जीव घाबरते नं? गॅस. वांगे बंद. चण्याची डाळ बंद. पँट खाली करा." मी म्हटलं, "पाहा तरी छाती." तो म्हणाला, "काका, चाळीस वर्षं झाली मले. बाहेरच्या बाकावर बसले तेव्हाच पाहून घेतलं तुम्हाले." सुई टोचली आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर आल्यावर नूपुर स्कूटरला टेकून पोट धरून हसत होती. "बाबा, तुमचा चेहरा! पँट खाली करा म्हणाले तेव्हा!" मीही हसलो. कंबर दुखत होती आणि आम्ही दोघं हसत होतो. बऱ्याच दिवसांनी. तिथे रस्त्यावर ऊन होतं, संत्र्याच्या गाडीवाला आमच्याकडे पाहत होता, आणि मला वाटलं, हा माणूस आपल्याला बाप-लेक समजत असेल. तेव्हा मी थांबू शकत होतो. सक्करदऱ्याचा नको आणि रामदासपेठेचा लांब, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. नूपुरने उसाचा रस घेतला, मला अर्धा दिला, आणि म्हणाली, "यांच्यापेक्षा आपले रामदासपेठेचे कितीतरी बरे. निदान माणूस काय म्हणतो ते समजून तरी घेतात." मी रस संपवला. म्हटलं, "अजून एक आहे. मानेवाड्यात. उद्या दुपारी जाऊ."

मानेवाड्याची डॉक्टर मेघा मला माहीत होती. मी तिच्याकडे आधी एकटा जाऊन आलो होतो. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, दाराशी चपलांचा ढीग. ती पारशिवनीकडची, बोलते आमच्यासारखी. मी वाक्य बोललो तेव्हा ती जागची उठली होती आणि आधी माझी पट्टी काढली होती. म्हणूनच मी नूपुरला तिथे नेलं. आम्ही आत गेल्याबरोबर ती म्हणाली, "अरे काका, परवाच तर येऊन गेले नं तुम्ही? कमी नाही वाटून राहिलं का?" नूपुरने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सरकून बसलो आणि म्हटलं, "जीव घाबरून राहिला, मॅडम." ती म्हणाली, "परवा तर पट्टी चांगली होती तुमची. आज कसं घाबरते? मळमळते? का छाती भरून येते? चालल्यावर दम लागते का बसल्या जागी?" आणि नूपुर, माझी मदत करायला, तिच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "मॅडम, त्यांना म्हणजे भीती वाटते. एकटे असले की घाबरतात." डॉक्टर हसली. काही वाईट हसली नाही. म्हणाली, "तुम्ही इकडच्या नाही नं, ताई?" नूपुर म्हणाली, "पुण्याची." "तेच तर! अहो, जीव घाबरणं म्हणजे भेव लागणं नाही. इथं गल्लीतल्या कोणत्याही बाईले विचारा. मी शिकत होते नं, तर बाहेरचे डॉक्टर केसपेपरवर लिहून टाकत, पेशंट घाबरलेला आहे. अन् पेशंट पाहावं तर हार्टचा. माझे सर म्हणत, नागपूरचा माणूस जीव घाबरते म्हणाला की पहिले ईसीजी काढा, मग त्याचं नाव विचारा." ती हे माझ्या दंडाला पट्टा गुंडाळत सांगत होती, रबरी फुगा दाबत. फस्स, फस्स. नूपुर म्हणाली, "बायकांचंही?" डॉक्टर म्हणाली, "बायकांचं तर जास्तच. बायांच्या छातीत कित्येकदा दुखतच नाही. जीव घाबरते, घाम येते, थकवा येते, बस. घरचे म्हणतात टेन्शन आहे. झोपेची गोळी देतात. खतम."

मी नूपुरचं तोंड पाहिलं. वर्षभर मी ते मनात पाहिलं होतं, किती तऱ्हांनी. खरं तसं काही नव्हतं. ती रडली नाही, पांढरी पडली नाही. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं आणि ती डॉक्टरच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहत होती, जसं कोणी तारीख विचारली आणि आठवत नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात "परवाच येऊन गेले" हे पण होतं. ती हुशार मुलगी आहे, दोन तारा जोडायला तिला वेळ लागला नाही. डॉक्टरने मला निजवलं, छातीला गार चिकट काहीतरी लावलं, चिमटे लावले. मशीनमधून कागद बाहेर येत होता. डॉक्टर म्हणाली, "पाहा काका, एकदम मस्त. पोराच्या वयाची पट्टी आहे." मी छतावरच्या पंख्याकडे पाहत होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं की माझं काय पाहता. तिचं तोंड पाहून झालं होतं. पुढे काय करायचं, याचा मी विचारच केलेला नव्हता.

परतताना ती स्कूटर चालवत होती, मी मागे. मला फक्त तिची पाठ आणि हेल्मेट दिसत होतं. सिग्नल लागला. सिग्नल सुटला तरी ती हलली नाही. मागे हॉर्न वाजायला लागले, एक जण ओरडला, "ओ मॅडम, झोपले का?" ती पुढे पाहतच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"तेरवीपासून."

एक ऑटोवाला शिवी देऊन बाजूने गेला. ती म्हणाली, "मग सांगायचं ना. तेव्हाच." तिने स्कूटर काढली. घराच्या फाटकाशी उतरल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर चांगली आहे. हिलेच ठरवू." ती म्हणाली, "ठरवा." संध्याकाळी उन्मेषने विचारलं, कसा आहे दवाखाना, तर नूपुर म्हणाली, "छान आहे. बाबांनी निवडलाय." उन्मेष खूश झाला. त्याला तिने काही सांगितलं नाही, मीही नाही. माझा भात वेगळाच शिजत राहिला, आधीसारखाच मऊ. फोटोला फूलही पडत राहिलं, पण ती आता फोटोकडे न पाहता हात वर करून फूल ठेवते. आणि एक नवीन सुरू झालं. मी काहीही बोललो की ती थांबायची आणि विचारायची. मी म्हणायचो, भाजी चांगली झाली. ती म्हणायची, "चांगली म्हणजे चांगलीच ना, बाबा? की तुमच्याकडे काही वेगळं असतं?" मी म्हणायचो, मी येऊन राहिलो बाहेरून. ती म्हणायची, "येऊन राहिलो म्हणजे येणार, की आलात?" आवाज अगदी आदराचा. उन्मेष हसायचा, म्हणायचा, "आता शिकून राहिली ही नागपुरी. सात वर्षांनी!" नूपुरही हसायची. खुशी मध्येच तिच्या आईला शिकवायची, "मम्मी, असं नाही, असं बोल, काहून वं!" मी जेवण लवकर संपवून उठायचो. घरात दुसऱ्यासाठी बोलणं तिने सोडून दिलं होतं. दूधवाल्याचा, शाळेच्या बाईंचा, यमुताईचा, कोणाचाही फोन आला की ती सरळ माझ्या हातात द्यायची. "तुम्ही बोला. मी काहीतरी चुकीचं सांगेन."

मग खुशीला परत ताप आला. उन्मेष बुटीबोरीला कामावर होता. नूपुर खुशीला खांद्यावर घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, "चला बाबा, तुम्ही. तुम्हाला सांगता येतं." ऑटोत खुशी माझ्या मांडीवर होती. तिचं अंग कपड्यांतून भाजत होतं. ती म्हणाली, "आबा, सुई देणार का ते?" मी म्हटलं, "नाही देत वं." तिने डोळे मिटले. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि कालपेक्षा जास्त की कमी, याचा अंदाज घ्यायला गेलो, तर मला कालचं काही आठवेना. काल मी दिवसभर खोलीत होतो. मेघा डॉक्टरने तिला टेबलावर निजवलं, टॉर्चने घसा पाहिला, पोट दाबलं. मग पेन घेऊन नूपुरला म्हणाली, "बोला ताई, केव्हापासून आहे?" नूपुर माझ्याकडे वळली. "बाबा सांगतील." डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "कालपासून." म्हटलं आणि कळलं की मला माहीत नाही. "उलटी झाली का? किती वेळा? लघवी होऊन राहिली का नीट? औषध काही देल्लं का सकाळी?" नूपुर मांडीवर हात ठेवून बसली होती, शांत, शाळेत पहिल्या बाकावर बसतात तशी. मी म्हटलं, "सांग नं, नूपुर." ती म्हणाली, "नको बाबा. मी सांगते आणि काहीतरी होतं." डॉक्टरने पेन खाली ठेवलं. एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. आवाज जरा कडक करून म्हणाली, "ताई, आई तुम्ही आहा. पोरगी तापली आहे. तुम्ही सांगा."

"सांगते," नूपुर म्हणाली. ती खुर्ची पुढे ओढून सरळ बसली. "ताप परवा संध्याकाळपासून आहे. बरोबर ना, बाबा?" ती थांबली. डॉक्टरही थांबली. मी म्हटलं, "हो." "काल दोन उलट्या झाल्या, दुधाच्या. बरोबर ना?" मी म्हटलं, "हो." "आज सकाळी सात वाजता तापाचं औषध दिलंय, पाच मिली. त्यानंतर काही नाही. शू कमी झालीय. बरोबर ना, बाबा?" "हो." डॉक्टर भराभर लिहीत होती. तिचा राग गेला होता. म्हणाली, "किती विचारता हो सासऱ्यांना! अशी सून नशिबाने भेटते काका." खुशी टेबलावरून आमच्याकडे पाहत होती, तोंडावर ताप, ओठ सुकलेले. नूपुरने तिच्या पायावरची चादर नीट केली. मग माझ्याकडे पाहत, डॉक्टरला म्हणाली, "आणि रात्री तापात बडबडत होती. बराच वेळ आजीला हाका मारत होती. बरोबर ना, बाबा?"

माझी खोली शेजारीच आहे. दार उघडं असतं. मी काही ऐकलं नव्हतं. खुशीने खरंच हाका मारल्या होत्या की नूपुरने हे आत्ता, इथे बसून रचलं होतं, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. डॉक्टरचं पेन थांबलं होतं.

मी म्हटलं, "हो."